कुणाच्या डोक्यात काय

प्रथम वर्षाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात स्मृतीचं प्रकरण उघडलं की पहिल्या दोन-तीन पानांतच तीन चौकोन येतात. वेदनिक स्मृती, अल्पकालीन स्मृती, दीर्घकालीन स्मृती. मध्ये बाण, आणि एका बाणावर 'उजळणी' असं लिहिलेलं. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली मांडलेली ही रचना. फळ्यावर काढायला सोपी, लिहिलीत तर मार्क हमखास. आमच्याकडच्या, कारखान्यात काम करून शिकणाऱ्या मुलांना ती समजावून सांगावीच लागत नाही. पहिला चौकोन म्हणजे इनवर्ड, दुसरा लाइन, तिसरा स्टोअर. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग रिजेक्शन कुठं जातं?" विसरण्यावरचा तास याहून चांगल्या प्रश्नानं सुरू झालेला मला तरी माहीत नाही.

निगडी-आकुर्डी-चिंचवडच्या या पट्ट्यात शिकवणाऱ्याला वर्गात कोण बसलंय हे हजेरीपटावरून कळत नाही, बुटांवरून कळतं. सेफ्टी शूज असले की स्वारी चाकणहून नाइट करून थेट आली. म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी इकडे कॉट बेसिसवर राहणारी ही मुलं लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याकडची. खोलीत कॉट चार असल्या तरी माणसं जास्त. फर्स्टवाला उठला की नाइटवाला तिथंच आडवा होतो. तळेगाव चौकातल्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत ती वेळेवर पोचतात हेच खूप. आणि मी त्यांना काय शिकवते? 1924 साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले, मग कधी झोपू दिलं, कधी जागं ठेवलं. झोपेनंतर विसरणं कमी झालेलं आढळलं. पुढच्या शंभर वर्षांत झोप आणि स्मृती यांच्यावर ढीगभर संशोधन झालं, पण शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, हे मूळ म्हणणं टिकून राहिलं. समोरच्या तिघांनी तोवर माना टाकलेल्या असतात. त्यांना उठवायचं म्हणजे सिद्धान्ताच्या विरुद्ध जायचं. मी उठवत नाही.

मुलांना चौकोन पटतात, मला मात्र ते दरवर्षी थोडे कमी पटतात. तिन्ही चौकोन एकाच माणसाच्या कवटीत मावतात, ही माझी अडचण आहे.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. आयटीआयचे फिटर, सगळी नोकरी याच पट्ट्यात झाली, निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. आमच्या लोखंडी दाराची कडी बसेना म्हणून त्यांना हाक मारली. ते आपली कानस घेऊन आले, फडक्यात गुंडाळलेली. कडीचा दांडा त्यांनी मला दाराच्या चौकटीला टेकवून धरायला लावला, उजव्या हातात कानशीची मूठ, डाव्या अंगठ्याचा मांसल भाग तिच्या टोकावर. पुढं जाताना जोर, मागं येताना नुसती सरकवायची. कानस पुढं जातानाच कापते, मागं ओढताना दाबली तर दाते जातात. हात हलतच नव्हते म्हणा ना, सगळं अंग घोट्यापासून पुढं-मागं झुलत होतं. मध्येच थांबून नख फिरवलं, बर निघालीय का पाहिलं. पुन्हा पाच-सहा हात मारले आणि थांबले. कडी सुळ्ळकन बसली. कुठं थांबायचं हे कसं कळलं, विचारलं तर म्हणाले, "आवाज बदलतो ना."

कानस पुन्हा फडक्यात गेली, आणि जिन्याकडं तोंड करून त्यांनी वर हाक दिली, "अगं, मी बीपीची गोळी घेतली का गं?"

"घेतली. नाश्त्याच्या आधीच," वरून काकूंचा आवाज.

या एका मिनिटात पुस्तकातली निदान दोन प्रकरणं आहेत. पहिलं सर्वांना माहीत असलेलं. हेन्री मोलाइसन नावाच्या अमेरिकी तरुणाला फेफऱ्याचे झटके येत. 1953 साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात राहीनाशा झाल्या. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांची रोज नव्यानं ओळख. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी. हात आडोशाला, चांदणी फक्त आरशात दिसणार, आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. तीन दिवसांत त्याच्या चुका घसरत गेल्या. हे आपण पूर्वी कधी केलंय याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. 'काय घडलं' याची आठवण आणि 'कसं करायचं' याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे त्या चांदणीनं दाखवलं. तो 2008 साली गेला. तोवर जगभरच्या पुस्तकांत तो केवळ 'एच. एम.' या दोन अक्षरांनी वावरत होता.

आमच्या प्रयोगशाळेतही आरशातल्या चांदणीचं ते जुनं उपकरण आहे. पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली की सगळ्यांचा हात भलतीकडंच जातो, आणि वर्गात हशा पिकतो. पुढच्या आठवड्यात तेच हात बऱ्यापैकी सरळ जातात. जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिताना मुलं 'सरावाने कौशल्य वाढते' एवढं एक वाक्य टाकून मोकळी होतात. वर्षभर एकच बोल्ट एकाच कोनातून आवळलेल्या मुलाला त्यात काय नवल वाटणार?

तर हाताची आठवण हे पहिलं प्रकरण. मला जास्त ओढ दुसऱ्याची, म्हणजे जिन्यावरून आलेल्या उत्तराची. गोळी काकांनी घेतली, तिची आठवण काकूंकडं होती. घरातली विम्याची पॉलिसी, गॅसचं कार्ड, गावाकडचा सातबारा कुठल्या फाइलीत आहे हे विचाराल तर काकू काकांकडं बोट दाखवतील. भाच्यांची वयं, कुणाच्या लग्नात काय आहेर आला, डॉक्टरांची पुढची तारीख, हा सगळा कारभार काकूंकडं. कुणी वाटणी करून दिलेली नाही. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं 1980च्या दशकात नेमकं यावर लिहिलं. एकत्र राहणारी माणसं सगळं स्वतः लक्षात ठेवत नाहीत. कुणाला काय ठाऊक आहे तेवढं लक्षात ठेवतात. मराठीत याला 'वाटून घेतलेली स्मृती' म्हणता येईल. जोडीदार गेल्यावर मागं राहिलेला माणूस अचानक विसराळू वाटू लागतो, 'खचले हो' असं लोक म्हणतात. खचलेले असतातच, शिवाय त्यांच्या आठवणींचं अर्धं कपाट दुसऱ्याबरोबर गेलेलं असतं.

हाच प्रकार कारखान्याच्या जवळ आणणारा एक प्रयोग आहे. लियांग, मोरलँड आणि अर्गोटी यांचा, 1995 सालचा. विद्यार्थ्यांना ट्रान्झिस्टर रेडिओची जुळणी शिकवली. काहींना एकेकटं शिकवलं, काहींना तिघातिघांच्या गटात. आठवड्यानं सगळ्यांना तिघातिघांचे गट करूनच रेडिओ जुळवायला सांगितला. एकेकटे शिकलेले आता अनोळखी माणसांबरोबर बसले. गटात शिकलेल्यांना आपलेच जुने सोबती मिळाले. शिकवणी तीच, सुटे भाग तेच. एकत्र शिकलेल्या गटांना पायऱ्या जास्त आठवल्या आणि त्यांच्या हातून चुकाही कमी झाल्या. कंडेन्सरचं याला बघू दे, वायरिंग तिच्याकडं दे, हे त्यांना विचारावंच लागलं नाही.

काकांना हा प्रयोग सांगितला तर ते म्हणाले, "यासाठी अमेरिका कशाला पाहिजे?" मग त्यांच्या शॉपमधल्या एका जुन्या प्रेसची कथा सुरू झाली. प्रेस अडली की मॅन्युअल कुणी उघडत नसे. डावीकडून ठोकलेलं ऐकू आलं तर अमक्याला बोलवा, नुसताच घरघराट असेल तर तमक्याला. तमका रजेवर असला तर त्याच्या घरी माणूस जाई, तेव्हा कुठं घरोघरी फोन होते? आणि त्या दोघांचं आपसात पटत नसे, म्हणून तिसरा एक जण मध्ये लागे, ज्याचं काम एवढंच की दोघांशी बोलायचं. प्रेसची स्मृती अशी तीन डोक्यांत राहायची. तिसऱ्याच्या डोक्यात तर प्रेसबद्दल काहीच नव्हतं, आणि तरी त्याच्यावाचून अडायचं.

किती काम करायचं, हेसुद्धा गटच लक्षात ठेवतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यावरचे प्रयोग पुस्तकात येतात ते बहुधा दिव्यांच्या प्रकाशाच्या गोष्टीपुरते. मला 1931-32 मधली तिथली शेवटची खोली जास्त बोलकी वाटते. टेलिफोनच्या स्विचची जुळणी करणारे चौदा कामगार. जास्त कामाला जास्त पैसे असूनही दिवसाला किती काढायचे ते त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. कुणी फार पळायला लागला की शेजारी त्याच्या दंडावर एक गुद्दा ठेवून देई. वरून पाहणाऱ्याला हा कामचुकारपणा वाटावा हे ओघानंच आलं. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नव्या पोराला पहिल्या आठवड्यात जुना ऑपरेटर काय सांगतो? "जोरात काढून दाखवलेस तर उद्यापासून तेच टार्गेट. तुला नाही, सगळ्यांना." गुद्दा लागतोच असं नाही. मागच्या टायमाला कुणीतरी जास्त नग काढून दाखवले आणि नंतर काय झालं, याची आठवण त्या एका वाक्यात असते. ज्याला ते वाक्य मिळालं तो गटात आला.

आता या सगळ्याला गट लागतो, आणि गट व्हायला माणसं जागेवर टिकावी लागतात. हा पट्टा वसला तेव्हा ती टिकायची. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को, आणि त्यांच्या सावलीत भोसरीच्या एमआयडीसीतले शेकडो गाळे. माणूस अप्रेंटिस म्हणून गेटातून आत शिरायचा आणि शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडायचा. चाकण नंतरचं. तिथं लाइनवर उभ्या असलेल्या मुलांत ट्रेनी, अप्रेंटिस, ठेकेदाराचा माणूस असे इतके प्रकार आहेत की गणवेशाच्या रंगावरून ओळखावं लागतं. सहा-सात महिने झाले की ब्रेक. मग दुसरी कंपनी, दुसरा ठेकेदार, दुसरी कॉट. शेजारी उभ्या असलेल्याचं आडनाव कळेपर्यंत त्याचा ब्रेक आलेला असतो.

अशा ठिकाणी स्मृती माणसांवर सोडून चालत नाही; ती वस्तूंत घालावी लागते. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी 1960च्या दशकात रूढ केलेला पोका-योके आज इथल्या प्रत्येक शॉपमध्ये आहे. जिगला अशी एक खुंटी ठेवायची की पार्ट उलटा बसूच नये. चार बोल्ट आवळले गेले नाहीत तर पुढचा दिवा हिरवा होऊ नये. मला यात गैर काही दिसत नाही. प्रेसवर बोटं गेलेली माणसं या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, ही सोय ज्यानं केली त्याचे हात धुऊन पाणी प्यावं. (नगांची घाई असली की एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवणारेही भेटतात. तेही मानसशास्त्रच, पण वेगळ्या पेपरचं.) मला दिसतं ते एवढंच की ज्या लाइनवर काहीच लक्षात ठेवावं लागत नाही, तिथून निघालेल्या मुलाला त्या कंपनीचं नंतर काही आठवत नाही. 'कुठं होतास?' विचारलं तर कंपनीचं नाव येतं आणि पगाराचा आकडा. काकांसारखी प्रेसची कथा नाही.

पण जुन्या पिढीच्या गटानं जपलेलं सगळं खरंच असतं, असंही कुणी समजू नये. सोसायटीच्या कट्ट्यावर काकांच्या शेजारी दोन टेल्कोवाले बसतात. 1989च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते, आणि अखेर पोलिसांनी पहाटे कारवाई करून त्यांना तिथून हलवलं. पट्ट्यातल्या जुन्या माणसांच्या मनात ही तारीख ठसलेली आहे. कट्ट्यावरच्या दोघांपैकी एक त्या उपोषणात होते, दुसरे विरुद्ध संघटनेचे. आता दोघे एकाच थर्मासमधला चहा पितात. पण तो विषय निघाला की दोघांच्या आठवणींतलं पुणं वेगळं, त्या दिवसांतली हवा वेगळी, पोलिसांच्या गाड्या कुठून आल्या ते वेगळं. आणि दोघेही 'काल घडल्यासारखं आठवतंय' म्हणूनच सुरुवात करतात.

असल्या चिरेबंदी आठवणींची एकदा परीक्षा झाली आहे. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजर हे अवकाशयान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठं, कशी, कुणाकडून कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच पुन्हा विचारलं. पाव भाग लोकांचं मुख्य तपशिलांतलं सगळंच्या सगळं चुकलं, आणि सांगतानाचा आत्मविश्वास तसूभरही कमी नव्हता. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण कुणाची परत आली नाही. वारंवार सांगितलेली गोष्ट हीच आठवण होऊन बसते. आणि सांगायची कुणाला? आपल्याच लोकांना. त्यांना काय ऐकायला आवडेल हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. दोन टेल्कोवाल्यांनी तीस-पस्तीस वर्षं दोन वेगळ्या श्रोत्यांना ती गोष्ट सांगितली आहे. त्यांतला कुणीही खोटं बोलत नाही. निकाल लावायचा मोह मला होत नाही असं नाही, पण त्या वेळच्या वर्तमानपत्रांची कात्रणं कट्ट्यावर नेण्याइतकी मी दुष्ट नाही.

शहरही असंच आठवतं. टेल्कोचं टाटा मोटर्स होऊन दोन दशकं उलटली, रस्ता टेल्को रोडच. केएसबी चौक, थरमॅक्स चौक, एचए कॉलनी: इथं पत्ता सांगताना देवळापेक्षा कंपनी जास्त वेळा येते, मोरया गोसावींचं चिंचवड असूनसुद्धा. आकुर्डीच्या बजाजमध्ये 2007 साली गाड्यांचं उत्पादन थांबलं; पुढे तिथंच विजेवरची चेतक आली. मधल्या काळात 'बजाजच्या गेटापाशी उतर' म्हणणाऱ्या कुणाचा पत्ता चुकला नाही.

म्हणजे माणसं टिकली की आठवण टिकते, माणसं पांगली की ती जाते, असं माझं साधं गणित होतं आणि चाकणच्या मुलांबद्दल मी हळहळतच होते. त्या गणिताला लातूरकडच्या एका विद्यार्थ्यानं थोडा धक्का दिला. वाटून घेतलेल्या स्मृतीचं उदाहरण स्वतःच्या आयुष्यातून आणा, असं मी सांगितलं होतं. बहुतेकांनी आईवर लिहिलं. यानं मोबाइल पुढं केला. 'बी लाइन परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. एका वर्कशॉपमध्ये सात महिने एकत्र काम केलेल्या मुलांचा. त्यातला एक आता रांजणगावला, एक तळेगावला, एक गुजरातेत साणंदला, काही गावी परतलेले. बहुतेक मजकूर गुलाबाची फुलं, वाढदिवसाचे केक आणि भरतीच्या जाहिराती. ओटी मिळतो का, कँटीन बरं आहे का, ठेकेदार पीएफ भरतो का, याची मात्र तिथं मिळणारी माहिती कुठल्याही एचआरकडं मिळणार नाही.

हा मुलगा फिरून त्याच वर्कशॉपमध्ये लागला होता. फर्स्ट शिफ्टला मशीनवर एकटा. पहिल्या वीस नगांचा बोअर मापात येईना, नंतर आपोआप जुळायचा. सुपरवायझर नवा, तो म्हणाला ऑफसेट बदल. यानं आधी ग्रुपवर विचारलं. साणंदहून उत्तर आलं: "ऑफसेटला हात लावू नको. तिला सकाळी अर्धा तास रिकामी फिरव, तापली की बरोबर येते." पाठोपाठ रांजणगाव: "थंडीत पाऊण तास." आणि मग तिसरं: "कूलंटच्या पाइपला कपड्यांचा चिमटा लावलाय तो काढू नका रे, मीच लावलाय." हा तिसरा मुलगा सध्या नांदेडला मामाच्या किराणा दुकानात बसतो.